नववा साचा

आमच्या घरात मामावर पहिला संशय घेतला तो मी. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण गोष्ट पुढे गेली की सांगायला जीभ रेटणार नाही.

तसं त्या दिवसांत संशय घेणं सोपंच होतं. बाबा जेवताना ताटाकडे न बघता मामाकडे बघायचे, मामा भिंतीकडे बघायचा, आणि आई दोघांच्या मध्ये बसून इतक्या सावधपणे वाढायची, जणू चमचा वाजला तर भांडण पेटेल. कुठेतरी पाणी मुरत होतं. आणि मी नुकतीच वादविवाद स्पर्धेत पहिली आले होते. आदल्या वर्षापर्यंत हजेरीला "हजर" म्हणताना माझा आवाज बाकाखाली जायचा. आता मला वाटायला लागलं होतं की मी उभी राहिले आणि घसा खाकरला की कुठलाही गुंता सुटतोच.

गुंता असा होता. बाबा फाउंड्रीत ओतारी आहेत. भट्टीत भंगार वितळतं, त्याचं पोलाद होतं आणि ते लॅडलमध्ये उतरतं. लॅडल म्हणजे आतून विटा लावलेली, माझ्या उंचीची लोखंडी बादली. तिच्या बुडाला एक भोक आणि त्या भोकात आतून बसलेला दट्ट्या. बाबा बाहेरची दांडी दाबतात, दट्ट्या वर उचलला जातो आणि खालच्या वाळूच्या साच्यात पोलादाची धार पडते. साचा भरला की दट्ट्या बंद, क्रेन पुढे, दुसरा साचा. एका साच्यातून एका पंपाची बॉडी निघते.

क्रेनवाला वर केबिनमध्ये असतो आणि भट्टीच्या आवाजात बोललेलं काही ऐकू जात नाही. म्हणून बाबा सळईने लॅडलवर ठोके देतात. एक ठोका म्हणजे पुढे चल. दोन म्हणजे साचे संपले, आत थोडं उरलंय, खड्ड्यावर घे. तीन म्हणजे भांडं रिकामं, घेऊन जा. आमच्या शाळेची मागची भिंत फाउंड्रीच्या भिंतीला लागून आहे. पहिलीपासून मी वर्गात बसून बाबांचे ठोके मोजत आलेय. गणितात मला गती आहे ती बहुधा त्यामुळेच.

पूर्वी शेवटी नेहमी दोन ठोके यायचे. आठ साचे भरायचे आणि उरलेलं खड्ड्यातल्या जाड साच्यात ओतून परत भट्टीत जायचं. पण तीन महिन्यांपूर्वी बाबांनी पैज लावली की त्या उरलेल्यातून ते नववा साचा भरून दाखवतील. दाखवला. एक थेंब सांडला नाही, एक थेंब उरला नाही. साहेबांनी, म्हणजे फाउंड्रीच्या मालकांनी, बाबांचा फोटो सूचनाफलकावर लावला आणि खाली रंगीत खडूने लिहून घेतलं: "एका लॅडलमध्ये नऊ साचे." त्या दिवसापासून शेवटी तीन ठोके यायला लागले. टण, टण, टण. तिसरा जरा जास्तच जोरात. माझ्या बाकावरची मैत्रीण म्हणायची, "तुझे बाबा आले बघ स्टेजवर."

आणि मग माल परत यायला लागला. पहिल्या खेपेला बहात्तर बॉड्या गेल्या होत्या, त्यातल्या सात परत. आत पाणी दाबलं की धातूच्या अंगातून घामासारखं पाणी बाहेर येत होतं. पुढच्या खेपेला पुन्हा तेच.

साहेबांनी बाबांना आणि मामाला एकत्र बोलावलं. मामा भंगाराच्या यार्डाचा मुकादम आहे. भट्टीत काय जातं ते मामा ठरवतो, भट्टीतून आलेलं कुठे जातं ते बाबा. साहेब म्हणाले, "घाण एकतर यार्डातून येतेय, नाहीतर लॅडलवरून. महिनाअखेर मला एक नाव पाहिजे. ज्याचं नाव, तो त्या जागेवर राहणार नाही."

हे बाबांनी घरी सांगितलं तेव्हा आईच्या हातातली उलथणी तव्यावर तशीच राहिली. एका बाजूला नवरा, दुसऱ्या बाजूला सख्खा धाकटा भाऊ.

मी त्याच दिवशी एक वही केली. पहिल्या पानावर लिहिलं, "संशयित". खाली तीन जागा सोडल्या आणि पहिल्या जागेवर मामाला बसवलं.

विज्ञान प्रदर्शनासाठी "पोलाद कसं तयार होतं" हा विषय मी घेतला, अर्थात मुद्दाम. त्यामुळे शनिवारी अर्ध्या शाळेनंतर फाउंड्रीच्या तपासणी खोलीत बसायची परवानगी मिळाली. तिथे तपासनीस बाई असतात. त्यांच्या गळ्यात सतत एक भिंग लोंबत असतं, म्हणून सगळे त्यांना भिंगवाल्या बाई म्हणतात. तोंडावर नाही.

त्यांनी मला परत आलेल्या एका बॉडीचा कापलेला तुकडा दाखवला. आरशासारखा घासलेला. भिंगातून बघितलं तर चकचकीत पोलादात काळे ठिपके, कुणीतरी मिरी उधळल्यासारखे.

"ही मळी," बाई म्हणाल्या. "भंगारातली माती, गंज, रंग, सगळं वितळून पोलादावर तरंगतं. दुधावर साय असते तसं. हलकी असते, वरच राहते. धार बुडातून पडते, त्यामुळे मळी साच्यात उतरायचं कारणच नाही."

"मग ही उतरली कशी?"

"तेच तर."

"तुम्ही तपासत नाही?"

बाईंनी माझ्याकडे असं बघितलं की मी तुकडा खाली ठेवला. मग ड्रॉवर उघडून त्यांनी बटणाएवढ्या चकत्या दाखवल्या. प्रत्येक हीटची एक. भट्टीच्या एका घाण्याला तिथे हीट म्हणतात. "पहिला साचा भरायच्या आधी डावाने थोडं पोलाद काढतात. त्याची ही चकती. प्रत्येक चकती मी बघितलेय. एकीतही ठिपका नाही."

"म्हणजे नमुना स्वच्छ आणि माल घाण?"

"हो."

"हे कसं शक्य आहे?"

"तू प्रकल्प लिहायला आलीस की माझी उलटतपासणी घ्यायला?" त्यांनी ड्रॉवर बंद केला. मला वाटलं, जरा घाईनेच बंद केला. घरी जाऊन मी दुसऱ्या जागेवर भिंगवाल्या बाईंना बसवलं. कारण: खोट्या चकत्या ठेवत असाव्यात.

पण मामाची जागा पक्की व्हायला पुढचा शनिवार उजाडावा लागला. तीन वाजता भोंगा झाला, सगळे बाहेर पडले, आणि मामा मात्र उलट्या दिशेने, यार्डाच्या मागे निघाला. काखेत रिकामं पोतं. मी पत्र्याच्या आडून बघत होते. त्याने आधी इकडे बघितलं, मग तिकडे, मग भंगाराच्या ढिगावर वाकून काहीतरी पोत्यात टाकायला लागला. एक, दोन, दहा वस्तू. मधेच पाखरू उडालं तर दचकला. दचकलेला माणूस निर्दोष नसतो, हे मी वहीत लिहिलंसुद्धा. पोतं सायकलला बांधून त्याने वर कापड टाकलं आणि शीळ घालत निघाला. शीळ घालणं मला फारच निर्ढावलेलं वाटलं.

रविवारी दुपारी मामा नेहमीसारखा जेवायला आला.

"काय चौकशीखातं," मला म्हणाला, "प्रकल्प कुठवर?" मी लहानपणापासून फार प्रश्न विचारते म्हणून हे नाव.

मी ताटावरून उठले. उभं राहिल्याशिवाय मला जोर येत नाही.

"मामा, काल सुट्टी झाल्यावर यार्डाच्या मागे तू काय करत होतास?"

मामाचा घास हातात.

"तुला कुणी सांगितलं?"

"मी बघितलं. तू ढिगातलं काहीतरी पोत्यात भरत होतास. लपून. चांगलं भंगार बाहेर नेतोस आणि भट्टीत घाण जाते. म्हणून बाबांच्या लॅडलमध्ये मळी येते."

"खाली बस," आई म्हणाली.

"बोलू दे तिला," बाबा म्हणाले. बाबांचा आवाज शांत होता आणि तेच वाईट होतं. म्हणजे त्यांच्याही मनात हेच होतं.

मामाने घास ताटात ठेवला. बाहेर गेला, सायकलवरचं पोतं घेऊन आला आणि आमच्या स्वयंपाकघराच्या फरशीवर उलटं केलं. रंगाच्या डब्यांची झाकणं. जस्ताच्या पाइपांचे तुकडे. तेलाने काळे झालेले पत्रे. सगळा कचरा, आणि त्यात एक घोड्याच्या नालासारखं लोहचुंबक.

"मागच्या महिन्यापासून वेचतोय," तो म्हणाला. "सुट्टीनंतर, कारण कामाच्या वेळी वेचलं तर सगळे म्हणतील, बघा, याचंच भंगार घाण होतं. भाऊजींच्या लॅडलमध्ये खडासुद्धा जाऊ नये म्हणून हाताने निवडतोय, ताई. तांदूळ निवडावेत तसं."

बाबांनी पहिल्यांदाच ताटाकडे बघितलं.

"मला वाटायचं चूक माझीच असेल," मामा म्हणाला. "आता वाटत नाही." त्याने सगळं परत पोत्यात भरलं, लोहचुंबक खिशात टाकलं आणि जेवण अर्धं टाकून गेला. पुढचे तीन रविवार तो आला नाही.

आई माझ्याशी त्या दिवशी एवढंच बोलली, "उद्यापासून भांडी तू घासायचीस. तोंडाला काम कमी, हाताला जास्त."

तर मी भांडी घासत होते. सलग तेरा दिवस. आणि तेराव्या दिवशी, शनिवारी दुपारी, ते घडलं.

आमच्या मोरीतल्या सिंकला रबरी बूच आहे. बूच लावून पाणी भरलं होतं आणि कढईतलं जळकं तेल पाण्यावर तरंगत होतं, तपकिरी, बशीएवढं. मी बूच ओढलं. पाणी खालून जायला लागलं. तेल वर, आपलं निवांत. पाणी उतरत गेलं, तेल त्याच्यासोबत उतरत गेलं, पण वरच. मी मनात म्हटलं, बरोबर, भिंगवाल्या बाई म्हणाल्या तसं, हलकं असतं ते वरच राहतं.

आणि मग चार बोटं पाणी उरलं असताना मध्ये एक खळगा पडला. पाणी गरागरा फिरायला लागलं, खळग्याची बारीक शेपटी थेट भोकात गेली, आणि ते वरचं तपकिरी तेल त्या शेपटीतून सुर्रकन खाली. आजूबाजूला अजून स्वच्छ पाणी होतं. तेलाने रांग मोडली होती.

मी पुन्हा भरलं. पुन्हा तेल. पुन्हा चार बोटं, पुन्हा भोवरा, पुन्हा तेल आधी. मग मला राहवेना. पाण्याचा जुना पारदर्शक कॅन काढला, बुडाला भोक पाडलं, त्यात बूच बसवून वरून आईची विणकामाची सुई खुपसली. झाला दट्ट्या. कॅनमध्ये बरोबर नऊ पेले भरतील एवढं पाणी, वर तेल. एक एक पेला भरत गेले. पहिला स्वच्छ. दुसरा स्वच्छ. आठवाही स्वच्छ.

नववा तपकिरी.

मी उडीच मारली. ओली फरशी, पाय घसरला, ओटा धरला. सापडलं होतं. यार्ड नाही, चकत्या नाहीत. पहिल्या साच्याआधी काढलेला नमुना स्वच्छ असणारच, पहिला पेला स्वच्छ होता तसा. आणि बहात्तरातले सात म्हणजे जवळजवळ नवातला एक. गणितात गती असून हे मला महिनाभर दिसलं नव्हतं.

मग मी खाली बसले. कारण नववा साचा कुणाचा, हे मला आठवलं.

महिना संपायला दहा दिवस उरले होते. मामा घरी येत नव्हता. मी गप्प बसले तर नाव बहुतेक मामाचंच जाणार होतं, आणि बोलले तर बाबांचं. वहीतली तिसरी जागा रिकामी होती. मी ती तशीच ठेवली.

संध्याकाळी बाबा आंघोळ करून बसले तेव्हा मी कॅन आणि नऊ पेले त्यांच्यासमोर मांडले. या वेळी उभी राहिले नाही. भाषणही नाही. फक्त म्हटलं, "बाबा, हे बघा ना." आणि सुई उचलली.

आठव्या पेल्यापर्यंत ते हसत होते. नवव्याला हसू गेलं.

"सुई नीट धरली नाहीस," ते म्हणाले. "आण इकडे."

त्यांनी स्वतः भरलं. त्यांचा हात बघण्यासारखा असतो. दट्ट्या केसभर उचलतात, केसभर सोडतात. नववा पेला तपकिरी. त्यांनी हळू ओतून बघितलं. जोरात ओतून बघितलं. मधे थांबून, पाणी शांत होऊ देऊन बघितलं. भोवरा जरा उशिरा आला, पण आला. पाच वेळा झालं. आई दारात उभी राहून म्हणाली, "तेल संपलं."

"पाणी वेगळं आणि पोलाद वेगळं," बाबा म्हणाले.

"पोलाद दाट असतं का?"

बाबांनी पेला उजेडात धरून फिरवला. "नाही," ते म्हणाले. "पाण्याइतकंच पातळ असतं. पाण्याहून अवखळ." मग उठले आणि आत गेले.

रविवारी त्यांनी या विषयावर एक शब्द काढला नाही. सोमवारी फळ्यावर भूमिती चालू असताना मी कान भिंतीला लावून बसले होते. टण, टण, टण. तीन. म्हणजे आजही नववा साचा भरला. मंगळवारी तीन. बुधवारी तीन. घरी आल्यावर बाबा माझ्या नजरेला नजर देत नव्हते, पेपर वाचायचे, तोही एकाच पानावर. गुरुवारीही तीन ठोके आले आणि मी वही काढली. तिसऱ्या जागेवर लिहिलं, "बाबा". कारण: माहीत आहे आणि लपवतायत. अक्षर इतकं बारीक काढलं की मलाच वाचता येऊ नये.

शुक्रवारी ते जेवताना म्हणाले, "उद्या माझी हीट बघायला ये. साहेबांना सांगितलंय."

"काय सांगितलंय?"

"की उद्याचे साचे मी आकडे घालून ओतणार आहे. वाळूत खिळ्याने आकडा कोरला की बॉडीवर तो उठून येतो. कुठली बॉडी कितव्या साच्यातली ते कळेल. सोमवारी दाबाखाली लावायच्या आणि गळेल ती कापायची. सगळ्यांसमोर."

"मामासमोर?"

"त्याला मीच बोलावलंय. येईल की नाही माहीत नाही."

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, अर्धा दिवस.

शनिवारी तपासणी खोलीच्या खिडकीतून मला साच्यांची ओळ दिसत होती. वरचे भाग बंद करायच्या आधी बाबा एकटेच ओळीत फिरत होते, हातात खिळा. शेवटच्या साच्यापाशी ते वाकले, काहीतरी कोरलं, थांबले. मान वाकडी करून बघितलं. आणि मग बोटाने तो आकडा पुसला. चक्क पुसला. पुन्हा काहीतरी कोरलं. नंतर मागे वळून बघितलं आणि परत पहिल्या साच्याकडे जाऊन वाकले. तिथलाही पुसला.

पहिला आणि नववा. आकडे बदलत होते. नवव्या साच्यावर एक आला आणि पहिल्यावर नऊ, की सोमवारी नऊ आकड्याची बॉडी स्वच्छ निघणार आणि पोरीचं पाण्याचं खेळणं खोटं ठरणार. मग राहिलं यार्ड.

"काय झालं गं?" भिंगवाल्या बाई माझ्यामागे उभ्या होत्या. "चेहरा पांढरा पडलाय."

"काही नाही. गरम होतंय."

त्यांनीही खिडकीतून बघितलं. त्यांना काय दिसलं ते त्या बोलल्या नाहीत. त्यांचाही कुणावर तरी संशय असेलच, त्या महिन्यात कुणाचा नव्हता?

लॅडल आली. बाबांनी डोळ्यांवर काळी काच ओढली. पहिला साचा, एक ठोका. दुसरा, एक ठोका. मामा दाराशी उभा होता, हाताची घडी घालून. आठव्यानंतर बाबा क्षणभर थांबले, लॅडलच्या कडेवरून आत वाकून बघितलं, आणि नववा भरला. तीन ठोके. या वेळी तिसरा जोरात नव्हता.

रविवार कसा गेला ते विचारू नका. बाबांना मी पाणी दिलं, चहा दिला, पण प्रश्न नाही विचारला. चौकशीखातं बंद.

सोमवारी शाळा सुटताच धावत गेले. नऊ बॉड्या एका रांगेत, अंगावरची वाळू झाडलेली, प्रत्येकीच्या पोटावर उठून आलेला आकडा. साहेब, भिंगवाल्या बाई, मामा, बाबा. एकेकीत पाणी दाबलं. एक, कोरडी. दोन, कोरडी. मी एकच्या बॉडीकडे टक लावून बघत होते, आता घाम येईल, मग येईल. आठपर्यंत सगळ्या ठणठणीत.

नवाच्या गळ्यापाशी पाण्याचा एक थेंब आला. मग दुसरा.

"कापा," बाबा म्हणाले.

करवतीला वीस मिनिटं लागली. बाईंनी काप घासला, भिंग लावलं आणि तेच साहेबांना दिलं. साहेबांनी मामाला दिलं. मला भिंगाची गरजच नव्हती. साध्या डोळ्यांनी ठिपके दिसत होते.

"भंगार स्वच्छ आहे," बाबा म्हणाले. सगळ्यांकडे बघून, पण मामाला. "बाईंच्या चकत्याही खऱ्या आहेत. भांडं तळाला येतं तेव्हा भोवरा पडतो आणि वरची मळी भोकातून जाते. पोरीने दाखवलं तेव्हा मला पटलं नाही. पाण्याच्या कॅनवरून लॅडलला नावं कशी ठेवायची? म्हणून आठवडाभर रोज काळ्या काचेतून आत बघितलं. गुरुवारी दिसला भोवरा. नववा साचा माझा हट्ट होता. नाव हवं होतं ना साहेब, माझं लिहा."

साहेबांनी त्या कापावर बोट फिरवलं. "फोटो मीच लावला होता," म्हणाले. "आठव्यानंतर आत किती उरतं?"

बाबांनी हाताची चार बोटं आडवी धरली.

"ते उरू दे. आणि बाई, यापुढे नमुना शेवटच्या साच्यापाशीही घ्या." दारापर्यंत गेले, वळले. "लॅडल तूच धर. दुसरा कोण धरणार आहे?"

ते गेल्यावर मी बाबांना विचारलंच. "मग शनिवारी तुम्ही आकडे पुसत का होता? पहिला आणि नववा?"

"सगळेच पुसले," बाबा म्हणाले. "तू दोनच बघितलेस. साच्यात सरळ कोरलं की बॉडीवर उलटं उमटतं, आरशातल्यासारखं. पंचवीस वर्षं ओततोय, पण कोरायचं काम साचेवाले करतात. नऊ कोरून झाल्यावर लक्षात आलं. मग सगळे परत उलटे कोरत बसलो." मग माझ्याकडे नीट बघून म्हणाले, "तुला काय वाटलं?"

मामा खो खो हसायला लागला. तीन आठवड्यांत पहिल्यांदा. "भाऊजी, तुमचंही नाव गेलं वाटतं वहीत."

वहीचं त्याला कुणी सांगितलं ते ओळखायला वेळ लागला नाही. आई.

"मामा," मी म्हणाले. मुद्दाम खाली बसून म्हणाले. "मी चुकले. तुझं जेवण अर्धं राहिलं."

"अर्धंच नाही. मधले तीन रविवार धरून साडेतीन." त्याने खिशातून ते लोहचुंबक काढून माझ्या हातात दिलं. "शनिवारी सुट्टीनंतर यायचं. ढीग निवडायला माणूस कमी पडतंय. लपायची गरज नाही."

बाहेर पडताना बाबा सूचनाफलकापाशी थांबले आणि फोटोच्या टाचण्या काढायला लागले. मामाने त्यांचा हात धरला. "असू द्या, चांगला आलाय. नाक जरा मोठं दिसतंय, पण ते तसंच आहे." त्याने बोट ओलं करून खालचा "नऊ" पुसला आणि खिशातल्या खडूच्या तुकड्याने तिथे "आठ" लिहिलं. यार्डात खुणा करायला तो खडू बाळगतो. अक्षर भयंकर आहे.

मंगळवारी भूगोलाचा तास होता. भिंतीपलीकडून एकेक ठोका येत होता आणि मी वहीच्या मागच्या पानावर रेघा मारत होते. सात झाले, म्हणजे आठवा साचा भरत होता. मग जरा वेळ काहीच नाही.

टण. टण.

मैत्रिणीने पेन्सिल थांबवली. "तिसरा?"

मी बोट ओठांवर ठेवलं. दोघी ऐकत राहिलो. क्रेन कुरकुरत खड्ड्याकडे निघाली.